छपाई मास्तरांकडे आहे

मी तोंडाची फटकळ. हे मी स्वतःच्या कौतुकाने सांगत नाही. ऑफिस, सोसायटी, माहेर, सासर, सगळ्यांनी मला ते सर्टिफिकेट वेळोवेळी दिलेलं आहे. बेलापूरच्या सरकारी इमारतीत मी संगणक कक्षात होते, तेव्हा साहेबसुद्धा माझ्या टेबलाकडे यायच्या आधी लांबून अंदाज घ्यायचे. आणि अशी ही मी, एका माणसाला एक साधा प्रश्न सव्वा वर्ष विचारू शकले नाही. काम कुठवर आलं? बस्स, तीन शब्द. ते तोंडातून निघाले असते तर आज मी हे लिहायला बसले नसते.

नव्वदचं दशक उताराला लागलं होतं. लिनक्स नावाची संगणकप्रणाली तेव्हा आमच्यासारख्या मोजक्या वेड्यांच्या हाती लागली होती. ती कुणा एकाच्या मालकीची नव्हती. जगभरच्या माणसांनी थोडं थोडं लिहून उभी केलेली, आणि तिच्या पोटातलं सगळं लिखाण उघडं. वाचा, बदला, वाटा. अट एकच, बदललेलं दुसऱ्याला दिलंत तर तेही उघडंच द्यायचं. सगळं छान होतं, फक्त तिला मराठी येत नव्हतं. ते आपण शिकवायचं, असं आम्ही तिघांनी ठरवलं, चौथी व्यक्ती पुढे येऊन मिळाली.

चौघांत पहिले मास्तर. वाशीला संध्याकाळचे कॉम्प्युटर क्लास घ्यायचे, म्हणून मास्तर. मी मुळात टायपिस्ट. ऑफिसात मशीनं आली आणि आम्हा टायपिस्टांना सांगितलं, शिका नाहीतर रेकॉर्ड रूममध्ये बसा. पस्तिशीच्या बाईला हे कुठलं जमायला, असं सगळे तोंडावर म्हणत होते. मास्तर एकटे म्हणाले नाहीत. उलट क्लासची एक किल्लीच माझ्या हातात ठेवली. ‘दुपारी क्लास रिकामा असतो मॅडम, सुट्टीच्या दिवशी येऊन बसत जा.’ त्या किल्लीने मला प्रोग्रॅमर केलं. म्हणून मास्तरांसमोर माझा फटकळपणा चालत नसे. जीभ आपोआप आत जायची.

दुसरा पोर्टवाला. न्हावा शेव्याला कंटेनरच्या यार्डात कॉम्प्युटर सांभाळायचा. त्याच्या मामांचा कांदा-बटाटा मार्केटात गाळा होता. रविवारी मार्केट बंद, आणि गाळ्याच्या माळ्यावर टेबल, पंखा आणि मुख्य म्हणजे टेलिफोनची लाइन. मास्तरांनी आपलं एक जुनं मशीन तिथे आणून ठेवलं आणि आमची रविवारची बैठक सुरू झाली. कांद्याची सालं इतकी उडायची की फ्लॉपी घालायच्या आधी फटीत फुंकर मारावी लागे. घरी गेल्यावर नवरा म्हणायचा, ‘आलीस का कांदे सोलून?’

तिसरी मी. आणि चौथ्या हेडबाई.

हेडबाई खाडीकाठच्या एका गावातल्या शाळेच्या मुख्याध्यापिका, त्याच गावच्या. कुठल्याशा कार्यालयाने भंगारात काढलेली तीन मशीनं आणि एक प्रिंटर त्यांनी भांडून शाळेसाठी मिळवला होता. आमचं कुणाकडून तरी ऐकलं आणि एका रविवारी सरळ माळ्याची शिडी चढून वर आल्या. पदर कमरेला खोचलेला. म्हणाल्या, ‘माज्या पोरींना विंग्रजी येत नाय, म्हनून त्यांनी मशिनीकडं नुसता बगत बसाचा काय?’

त्यांचं टेन्शन वेगळंच होतं. गावच्या जमिनी नव्या शहरात गेलेल्या, आता प्रत्येकाची चाळ नाहीतर इमारत. रिकामी खोली म्हणजे भाडं, हे गावात शेंबड्या पोरालाही कळायचं. शाळेला लागून असलेली गावकीची एक खोली हेडबाईंनी मशीनांसाठी मागितली, तेव्हा पंचांनी अट घातली. दोन वर्षं खोली वापरा. दुसऱ्या वर्षीच्या ग्यादरिंगला पोरींनी त्या मशीनवर शाळेचा मराठी अंक छापून दाखवला तर खोली शाळेची. नाहीतर मशीनं बाहेर, भाडेकरू आत. हेडबाईंनी भर सभेत सांगितलं होतं, छापून दाखवीन. त्यांनी शब्द दिला तो आमच्या भरवशावर.

त्यांच्या सातवीच्या मुलींनी आम्हाला शब्द दिले. पडद्यावर इंग्रजीत जिथे जिथे सूचना यायच्या, तिथे काय म्हणायचं हे मी शाळेत जाऊन त्यांनाच विचारायचे. आम्ही डिक्शनरीतून जडजडीत शब्द शोधून नेले की त्या फिदीफिदी हसायच्या. छपाईला वेळ लागतो तेव्हा पडद्यावर काय यावं, असं विचारल्यावर एक म्हणाली, ‘जरा थांब, छापतंय.’ मी म्हटलं, अगं, मशीन असं बोलतं का? ती म्हणाली, ‘मंग आपन शिकवू ना तिला.’ मी तो शब्द न् शब्द लिहून घेतला.

आमची योजना असायची एका शंभरपानी चौकटीच्या वहीत. दसऱ्याला की-बोर्डवर झेंडूचं फूल ठेवायचं, कुंकू लावायचं आणि मग वही उघडून पुढच्या वर्षाची आखणी करायची. पहिल्या रकान्यात काम, दुसऱ्यात कोण, तिसऱ्यात कितव्या आवृत्तीत. आणि एक नियम. ‘मी घेतो’ असं एकदा कुणी म्हटलं आणि दुसऱ्या रकान्यात नाव पडलं, की त्या कामाला बाकी कुणी हात लावायचा नाही. त्याने सोडलं तरच दुसऱ्याने घ्यायचं.

हा नियम माझा. पहिल्या वर्षी मी आणि पोर्टवाला एकमेकांना पत्ता नसताना एकच काम दोन महिने करत बसलो होतो, आणि मग कुणाचं ठेवायचं यावरून अशी जुंपली की मामा खालून शिडीवर चढून बघायला आले. म्हणून मी नियम केला. मास्तर म्हणाले होते, ‘वा मॅडम, शिस्त पाहिजेच.’

हेडबाई आल्या त्या वर्षीच्या दसऱ्याला मोठी कामं चार होती. मराठी टाइप करायची सोय, पडद्यावरची अक्षरं, छपाई आणि शब्दांची यादी. पहिली दोन अर्धीअधिक झालेली. छपाई म्हणजे खरी परीक्षा. तेव्हाचे प्रिंटर शाईच्या फितीवर सुया मारून छापायचे, आणि त्यांना फक्त इंग्रजी अक्षरं ठाऊक. मराठी छापायचं तर एकेक अक्षर ठिपक्या-ठिपक्याने समजावून सांगायचं. डोळे फुटायची वेळ. मी टाइप करण्याचं घेतलं, पोर्टवाल्याने पडद्याचं. छपाई उरली. हेडबाई आमच्या तोंडाकडे बघतायत.

‘छपाई मी घेतो,’ मास्तर म्हणाले.

मी तर टाळ्याच वाजवल्या. हेडबाईंनी डोळ्यांना पदर लावला. वहीत मास्तरांनी स्वतःच्या हाताने नाव लिहिलं. तिसऱ्या रकान्यात लिहिलं, पुढची आवृत्ती.

मग दिवस जात राहिले. माझं काम झालं, पोर्टवाल्याचं झालं, आम्ही ते नेटवर उघडं ठेवलं. सोबत योजनाही ठेवली, म्हणजे कुणाला मदत करायची असेल तर कळावं. मास्तर दर रविवारी यायचे. केळ्याचे वेफर्स आणायचे. आमच्या चुका काढायचे, अगदी प्रेमाने. छपाईबद्दल स्वतःहून चकार शब्द नाही, आणि आम्हीही विचारलं नाही. ज्याच्या हातून आपण शिकलो त्याला काय विचारायचं, ‘झालं का हो तुमचं?’ पोर्टवाला मला म्हणायचा, तू विचार, तू फटकळ आहेस. मी म्हणायचे, करत असतील रे, किचकट काम आहे.

पावसाळ्यात एक मेल आला. परदेशात राहणारा कुणी मराठी माणूस. मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं. तेव्हा दुसरा उपाय होता कुठे! आमची योजना वाचून त्याला आनंद झाला होता. विचारत होता, छपाईचं मी बघू का?

मी तिथल्या तिथे उत्तर लिहिलं. ते मला आजही पाठ आहे. ‘तुमच्या पत्राबद्दल आभार. छपाई मास्तरांकडे आहे. शब्दांच्या यादीचं काम मोकळं आहे, ते घ्याल का?’ पाठवून वर पोर्टवाल्याला ऐकवलं, बघ, याला म्हणतात नियम पाळणं. त्या माणसाचं परत उत्तर आलं नाही.

पुढच्या रविवारी मी मास्तरांना सांगितलं. ‘एकाने छपाई मागितली होती. मी म्हटलं, ती दिलेली आहे.’ मास्तर चष्मा पुसत होते. पुसायचे थांबले. मग पुन्हा पुसायला लागले.

‘बरं केलंत मॅडम,’ ते म्हणाले.

पुढचा दसरा आला. फूल ठेवलं, कुंकू लावलं, वही उघडली. छपाईच्या ओळीवर बोट ठेवून मास्तर म्हणाले, ‘हे पुढच्या आवृत्तीत ढकलू. घाईने केलं तर अक्षरं फुटतील, आपलंच नाव खराब होईल.’ मी मान डोलावली. अहो, काय सांगू, मीच पेन घेऊन ती ओळ पुढच्या पानावर उतरवून काढली! पण हेडबाई गप्प बसणाऱ्या नव्हत्या.

‘मास्तर, ग्यादरिंग जानेवारीत हाय. माजी खोली जाल.’

‘बाई, शाळेचं मी बघतो ना. तुमच्या पोरी छापणार म्हणजे छापणार. माझा शब्द.’

हेडबाईंनी हात जोडले. मला तेव्हा वाटलं, असा माणूस आपल्याला लाभला, आपलं नशीब.

डिसेंबरात वाशीला कॉम्प्युटरचं प्रदर्शन भरलं होतं. पोर्टवाला बघायला गेला, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या ऑफिसात येऊन उभा राहिला. यार्डातून अर्धी रजा टाकून. चेहरा उतरलेला. खालच्या टपरीवर नेऊन मी चहा सांगितला, तर चहाही घेईना. मग बोलला.

एका कंपनीच्या स्टॉलवर मराठी छपाईचं नवं पॅकेज विकायला ठेवलं होतं. सोबत एक कुलूप, काडेपेटीएवढं, ते मशीनच्या मागे खोचलं तरच चालतं. गर्दी होती. टाय लावून एक जण प्रात्यक्षिक दाखवत होता. मास्तर.

‘दुसरं कुणी असेल,’ मी म्हटलं.

‘अगं, मी दहा फुटांवर उभा होतो. त्यांनी छापायचं बटण दाबलं आणि पडद्यावर काय आलं माहितीये? जरा थांब, छापतंय.’

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. टपरीवाल्यासमोर मी काय काय बोलले ते इथे लिहिता येणार नाही. पण खरं सांगू? त्या शिव्यांच्या खाली नुसतं रडू होतं. बाहेरच्या चोराने चोरी केली असती तर पोलिसांत गेले असते. इथे ज्याने किल्ली दिली त्यानेच केसाने गळा कापला होता.

रविवारी मास्तर आले. हातात वेफर्सचा पुडा. पोर्टवाल्याने प्रदर्शनातलं पत्रक टेबलावर ठेवलं. मास्तरांनी ते बघितलं, पुडा ठेवला, खुर्चीवर बसले. चोरी पकडलेल्या माणसासारखे अजिबात दिसत नव्हते. सुटल्यासारखे दिसत होते.

‘किती दिवस?’ मी विचारलं.

‘छपाई घेतली त्या दसऱ्यानंतर दोन महिन्यांत बोलणं झालं. मुलीचं इंजिनीअरिंग आहे मॅडम, क्लास चालत नाहीत आता. त्या कंपनीला छपाईच हवी होती.’

‘म्हणजे त्यानंतर वर्षभर तुम्ही इथे येऊन नुसते बसत होतात? आमच्या चुका काढत?’

‘चुका होत्याच.’

पोर्टवाला उसळला. उघड्या प्रणालीचा माल कुलपात घालून विकता, अट वाचलीत का? मास्तर शांतपणे म्हणाले, ‘वाचली. म्हणून तुमची एकही ओळ घेतलेली नाही. टाइप करण्याचं नवं लिहिलं, पडद्याचं नवं लिहिलं. आणि छपाई तर तुमच्याकडे कधी नव्हतीच. ती माझी एकट्याची.’

आणि हे खरं होतं हो! तीच तर मेख. छपाई आमच्याकडे नव्हती, कारण ती सव्वा वर्ष त्यांच्या नावावर होती. वहीच्या एका रकान्यात नाव लिहून त्यांनी आम्हा सगळ्यांचे हात बांधले होते. आणि गाठ माझी, माझ्या नियमाची.

‘आणि मुलींचे शब्द?’ मी म्हटलं. ‘तेही तुमचे एकट्याचे?’

पहिल्यांदा त्यांनी मान खाली घातली. मग म्हणाले, ‘मॅडम, एक सांगू? मी दर रविवारी शिडी चढताना ठरवून यायचो, आज यांनी विचारलं तर सांगून टाकायचं. तुम्ही एकदा जरी विचारलं असतंत ना. सगळ्या जगाला विचारता तुम्ही.’

मला तोंडात मारल्यासारखं झालं. मास्तर उठले, शिडी उतरून गेले. आपलं मशीन त्यांनी मागितलं नाही. पुडा तसाच राहिला, तो आम्ही खालच्या हमालाला देऊन टाकला.

ग्यादरिंगला महिना उरला होता. मी आणि पोर्टवाला छपाईला बसलो. मी रजा काढली, त्याने पाळ्या बदलून घेतल्या. जमेल तेवढं केलं. शेवटी कागदावर मराठी आलं, पण कसं! वेलांट्या एकीकडे, अक्षरं दुसरीकडे, जोडाक्षरांच्या जागी नुसते काळे डाग. तो कागद घडी करून मी हेडबाईंकडे निघाले. ठरवलं होतं, पाय धरीन, पंचांकडे आणखी सहा महिने मागू म्हणेन.

खोलीच्या दारातच सुयांचा कर्र कर्र आवाज आला. आत त्याच मुली प्रिंटरभोवती गोळा झालेल्या. कागद बाहेर येत होता, त्यावर सुबक, काळीभोर मराठी अक्षरं. पडद्यावर ‘जरा थांब, छापतंय’. आणि मशीनच्या मागे ते काडेपेटीएवढं कुलूप.

हेडबाईंनी मला बाहेर व्हरांड्यात नेलं. ‘मास्तर आलते गेल्या गुरवारी. सोता बसवून गेले. एक पैसा घेतला नाय. तुमाला सांगाची माजी हिंमत झाली नाय, ताई.’

‘त्यांनी काय केलं ते माहितीये ना तुम्हाला?’

‘सांगितला त्यांनीच. मना लय वाईट वाटला.’ त्या माझ्याकडे न बघता बोलत होत्या. ‘पन खोली रायली ना, ताई. मी काय करू, तुमीच सांगा. नको म्हनू?’

मी काय सांगणार! ज्या खोलीसाठी सगळा खटाटोप, ती वाचली होती. मी राग तरी कुणावर काढायचा? पर्समधला आमचा डागाळलेला कागद बाहेर काढलाच नाही.

‘बरं केलंत बाई,’ मी म्हटलं. म्हटल्यावर लक्षात आलं, हेच शब्द मास्तरांनी मला ऐकवले होते.

ग्यादरिंगला मी गेले. नाही गेले असते तर हेडबाईंना लागलं असतं. पंच पुढे बसलेले, त्यांच्या शेजारी मास्तर, गळ्यात हार. मुलींनी अंक वाटला. ज्या मुलीने मशीनला बोलायला शिकवू म्हटलं होतं, तीच माइकसमोर उभी राहून पहिलं पान वाचायला लागली. आमच्या शाळेला मराठी छपाई मिळवून देणारे मास्तर, त्यांच्या आम्ही सर्व मुली आभारी आहोत. वाचताना एकदाही अडखळली नाही. पंचांनी उठून खोलीची किल्ली हेडबाईंच्या हातात दिली. मांडव टाळ्यांनी भरून गेला. मीही वाजवल्या, जोरात वाजवल्या. शेजारच्या बाईंनी विचारलं, तुमची मुलगी आहे का ती? मी म्हटलं, नाही, मी सहजच आले.

त्याच आठवड्यात मला त्या परदेशातल्या माणसाची आठवण झाली. त्याचा पत्ता होता. दुपारी माळ्यावर जाऊन मी लिहिलं, छपाईचं काम आता मोकळं झालं आहे. अजूनही इच्छा असेल तर घ्याल का? पाठवलं, आणि खूप दिवसांनी जरा हलकं वाटलं. वही काढून छपाईच्या ओळीतलं मास्तरांचं नाव खोडलं. रकान्यात दुसरं नाव लिहायला जागा राहील एवढं बारीक खोडलं.

चार दिवसांनी उत्तर आलं. पोर्टवाल्याने मोठ्याने वाचलं.

‘तुमचं पत्र बघून बरं वाटलं. मी तेव्हा विचारलं, त्या वेळी छपाईचं माझं जवळजवळ होत आलं होतं. पूर्ण झाल्यावर एकदमच दाखवू, म्हणून बोललो नाही. मग तुमचं उत्तर आलं. दुसऱ्याने घेतलेल्या कामात आपण लुडबुड कशाला, असं वाटून पुसून टाकलं. आता नवी नोकरी आहे, पुन्हा बसणं होणार नाही. पण मास्तरांनी सोडण्याआधी जेवढं केलं असेल, ते माझ्यापेक्षा चांगलंच असणार. त्यांना माझा नमस्कार सांगा.’